बाईंना आपलं कळत नाही

छोट्या वर्गाच्या बाईंना एक कला साधली होती, आणि ती म्हणजे न कळण्याची. न कळण्यात कसली आली कला, असं कोणी म्हणेल. ज्याला मुळातच कळत नाही, त्याला त्यासाठी काही कष्ट घ्यावे लागत नाहीत हे खरं. पण बाईंना समोरच्याचा शब्द न् शब्द कळायचा, आणि तरीही चेहरा कोरा ठेवावा लागायचा. तोही रोज सकाळी आठ ते दुपारी तीन, चार-चार वर्षांच्या अठ्ठावीस पोरांसमोर. चार वर्षांच्या पोराला एकदा गंडवून बघा, मग कळेल. मोठी माणसं त्यापुढे काहीच नाहीत.

शाळा होती शर्टांच्या कारखान्यांमागच्या रस्त्यावर. कारखान्यात कामाला असलेली माणसं बाहेरून आलेली, आणि आपली भाषा सामानसुमानाबरोबर घेऊन आलेली. शाळेत, दवाखान्यात, कचेरीत, बसच्या पाटीवर मात्र दुसरीच भाषा. त्या भागात दोन्ही भाषांना त्यांच्या खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. एक घरची, एक शाळेची, झालं. चौथ्या वर्षी पोरं छोट्या वर्गात यायची ती नुसती घरची घेऊन. त्यांच्या जिभेवर शाळेची चढवणं हे बाईंचं काम होतं आणि ते त्या सव्वीस वर्षं करत होत्या.

त्यांची रीत ठरलेली. कॉलेजात शिकवणं शिकताना त्यांच्या मनावर ठसवलं होतं, की पोराला पळवाट ठेवायची नाही. बाईंना घरचं कळतं हे एकदा का त्याला समजलं, की ते कशाला जिभेला त्रास देईल? म्हणून पोरानं घरच्या भाषेत काहीही म्हटलं, की बाई दोन्ही तळवे उघडायच्या, भुवया वर करायच्या आणि हसून शाळेच्या भाषेत म्हणायच्या, "कळलं नाही. आपल्या शाळेच्या भाषेत सांग बरं." पोर दोन दिवस रडायचं, आठवडाभर फुगून बसायचं आणि मग एका सकाळी नाइलाजानं म्हणायचं, "बाई, पाणी." की बाई पेला घेऊन धावत सुटायच्या. चार महिन्यांत वर्ग बोलता व्हायचा. दुसऱ्या शाळांना जे वर्षात जमत नसे ते बाई चार महिन्यांत करून दाखवत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. असायलाच हवा, फुकट नव्हता मिळाला.

पाणी आणि शू हे दोन शब्द पहिल्याच दिवशी. मग रंग, मग फळं, मग प्राणी. शरीराचे अवयव तिसऱ्या महिन्यात. त्यांचा तक्ता तोवर कपाटावर गुंडाळून ठेवलेला असायचा. हा क्रम बाईंनीच लावला होता. पोरांना हत्ती, वाघ, जिराफ आवडतात. नाक-कान काय, रोजचेच आहेत.

आता ह्यातली आतली गोष्ट अशी, की बाई त्याच गल्ल्यांत जन्मल्या होत्या. त्यांच्या आईनं तीस वर्षं कारखान्यात कॉलरींना इस्त्री केली होती. पहिलं रडणं, पहिलं भांडण, सगळं घरच्या भाषेत झालं. लहानपणी शाळेत त्यांचा एक शब्द चुकला तेव्हा सगळा वर्ग खो खो हसला होता. त्यानंतर बाईंनी शाळेची भाषा अशी काही घोटून काढली, की बोलण्यावरून त्या कोणाच्या कोण हे ओळखायची सोय उरली नाही. लग्न होऊन त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. नवरा वारल्यावर म्हातारी आई त्यांच्याकडे राहायला आली, आणि दोन खोल्यांत मायलेकींचा संसार सुरू झाला. आईची जीभ तिखट. म्हणायची, "शाळेत मुकी, अन् घरी आली की माझ्यावर तोंड सोडते. कोरा चेहरा करायचा पगार मिळतो माझ्या लेकीला."

हे गुपित शाळेत दोघींनाच ठाऊक होतं. एक मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आणि दुसरी वर्गाची मदतनीस मावशी. पालकांशी बोलायचं तर मधे मावशी लागायची. पालक घरच्या भाषेत बोलणार, मावशी ते शाळेच्या भाषेत बाईंना सांगणार, बाई उत्तर देणार, मावशी ते परत फिरवणार. पोरं बघत असतात, म्हणून पालकांसमोरही सोंग सोडायचं नाही असा बाईंचा कडक नियम. त्या सोंगापायी त्यांनी काय काय ऐकून घेतलं! एकदा एक बाप तोंडासमोर म्हणाला, "ही बाई आहे का खांब?" मावशीनं न अडखळता सांगितलं, "ते म्हणतात, तुम्ही फार शांत आहात." बाईंनी मान लववून आभार मानले. रात्री बाई कपाटात झोपतात की फळ्यामागे, ह्यावर दोन पोरींचं एकदा कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा बाईंना हसू आवरेना. त्या खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेल्या आणि भिंतीला टेकून पोटभर हसून आल्या.

त्या वर्षी भिंगरी आली. हजेरीपटावर तिचं नाव निराळं होतं, पण दोन मिनिटं एका जागी न टिकणाऱ्या त्या पोरीला मावशीनं पहिल्याच दिवशी भिंगरी म्हटलं, आणि तेच चिकटलं. बाप लांब पल्ल्याच्या मालगाडीवर, महिन्या-दीड महिन्यानं उगवणारा. आई कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर. घरी दोघीच, त्यामुळे पोरीला बोलायला माणूस मिळाला की ती सोडत नसे. बाईंना घरची भाषा कळत नाही हे तिनं मान्य केलं होतं, पण त्यामुळे तिचं काही अडलं नव्हतं. "तुम्हाला कळत नाही ना? असू दे, तरी ऐका," म्हणायची आणि मांजर कसं व्यायलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. बाई तळवे उघडून हसत राहायच्या. ती पोर त्यांना आवडायची. सव्वीस वर्षांत इतकी आवडलेली पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

सहाव्या आठवड्यात कॉलेजातून तीन पाहुणे आले. बाईंची रीत डोळ्यांनी बघायची, मग बाईंनाच दुसऱ्या शिक्षिकांना शिकवायला बोलवायचं, असं घाटत होतं. मोठ्या बाईंनी आदल्या दिवशी वर्गाच्या खिडक्या पुसून घेतल्या. मावशी सकाळपासून चहाच्या मागे. पाहुणे मागच्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले, मांडीवर वह्या उघडल्या. बाईंनी प्राण्यांचा खेळ काढला. टोपलीत कापडी प्राणी होते आणि त्यात एक वाघ होता. पोट दाबलं की गुरगुरणारा. त्याच्या पोटाचा कप्पा कधीचा सैल झाला होता. आतले चपटे, चकचकीत सेल अधूनमधून बाहेर पडायचे, आणि मावशी ते उचलून परत आत बसवायची.

सव्वादहाच्या सुमाराला भिंगरी बाईंपाशी आली. उजव्या कानावर हात होता. ती घरच्या भाषेत म्हणाली, "बाई, वाघाच्या पोटातली चकती माझ्या कानात गेली. भाजतंय."

बाईंना कळलं. शब्द न् शब्द कळला.

तळवे आपोआप उघडले. "कळलं नाही," बाई म्हणाल्या. "आपल्या शाळेच्या भाषेत सांग बरं."

"कानात गेली. वाघाची. भाजतंय ना!" भिंगरीचा आवाज रडवेला झाला.

मागे तीन पेनं वहीवर थांबली होती. बाईंच्या डोक्यात तेवढ्यात सगळा हिशेब होऊन गेला. त्या भागातली पोरं नाकाकानात काहीबाही घालतच असतात. घरोघरी शर्टाची बटणं पडलेली. बाईंनी केसांतल्या आकड्यानं आजवर किती पोरांची बटणं काढली असतील त्याला गणती नाही. अर्ध्या तासानं काही बिघडत नाही. आणि आत्ता, ह्या तिघांसमोर, 'बघू गं, कुठे गेली?' असं घरच्या भाषेत म्हटलं, किंवा नुसतं न सांगता कानात डोकावलं, तरी अठ्ठावीस पोरांसमोर सव्वीस वर्षांचं सोंग उघडं पडणार. त्या हसत उभ्या राहिल्या.

भिंगरीनं बाहीनं डोळे पुसले. तिच्यापाशी शाळेच्या भाषेतले चाळीसेक शब्द होते. त्यांत कान नव्हता. दुखणं नव्हतं, भाजणं नव्हतं. ती थोडा वेळ विचार करत राहिली, मग कानावर बोट ठेवून शाळेच्या भाषेत म्हणाली, "वाघ. इथे वाघ."

पाहुण्यांपैकी एकीच्या तोंडून "वा!" निघालं. सहाव्या आठवड्यात, आपलं आपण जुळवलेलं वाक्य! त्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरांना टाळ्या आवडतातच, तीही सुरू झाली. बाईंनीही वाजवल्या. त्यांनी चमकीचा एक तारा काढून भिंगरीच्या छातीवर चिकटवला. भिंगरीनं सगळ्यांकडे एकवार बघितलं आणि ती जाऊन सतरंजीवर बसली.

मग पाहुण्यांना मोठ्या बाईंच्या खोलीत चहा झाला. कौतुक झालं. दुसऱ्या शिक्षिकांना शिकवायला कधी येता, ह्यावर बोलणं निघालं. वर्गावर तोवर दुसऱ्या वर्गाच्या ताई बसल्या होत्या. बाई परत आल्या तेव्हा बारा वाजून गेले होते, डबे खाऊन पोरं दुपारची आडवी झाली होती. भिंगरी उजव्या कुशीवर, कान सतरंजीला दाबून पडली होती. तिच्यावरून पुढे जाताना बाईंना आठवलं. हे त्यांना पुढे कितीदा आठवायचं होतं, की तेव्हा आपल्याला आठवलं होतं. पण पोर डोळे मिटून होती. निजलीय, उठवायची कशाला, जागी झाली की बघू, असं म्हणून त्या खिडकीचा पडदा ओढून खुर्चीत बसल्या.

अडीच वाजता मावशी पोरं उठवायला लागली आणि ओरडली. भिंगरीच्या कानातून काळपट पाणी आलं होतं, सतरंजीला डाग पडला होता.

बाई पोरीला उचलून धावल्या. मावशी मागे. दवाखान्यात डॉक्टरांनी दोघींना भिंगरीला मांडीवर धरायला लावून ती चकती बाहेर काढली. बटणाएवढा सेल, एका बाजूनं काळा पडलेला. "हा आत रस सोडतो, आतली कातडी जाळतो," डॉक्टर म्हणाले. "असला सेल तासाभरात काढायला हवा. किती वेळ होता आत? हिनं कधी सांगितलं?" भिंगरी घरच्या भाषेत ओरडून रडत होती, आणि डॉक्टरांना ती भाषा येत नव्हती.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "ती घरच्या भाषेत बोलते. मला कळत नाही."

सव्वीस वर्षं हेच वाक्य त्या म्हणत आल्या होत्या. जीभ जराही अडखळली नाही. शेजारी उभ्या असलेल्या मावशीनं मात्र त्यांच्याकडे वळून बघितलं.

चारला भिंगरीची आई कारखान्यातून धावत आली. बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, पायांत कारखान्यातल्याच चपला. डॉक्टरांनी मावशीमार्फत तिला सांगितलं, की पडद्याला मोठं भोक पडलंय, त्या कानानं फारसं ऐकू येईल असं वाटत नाही, मोठी झाली की शस्त्रक्रिया करून बघता येईल. तिनं ऐकून घेतलं, पोरीला पोटाशी धरलं. मग ती बाईंकडे आली. बाईंना वाटलं आता ही ओरडणार, ओरडली तर बरंच होईल. पण तिनं बाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

"मावशी, बाईंना सांगा," ती म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका म्हणावं. पोरीनं सांगितलं असेल हो, ती काय गप्प बसणारी आहे का? पण बाईंना आपलं कळत नाही, त्या तरी काय करणार? कळलं असतं तर तेव्हाच उचलून धावल्या असत्या."

मावशीनं शाळेच्या भाषेत सांगायला सुरुवात केली. एकेक शब्द सावकाश, बाईंच्या डोळ्यांत बघून. आणि बाईंनी काय केलं, तर मावशीचं सांगून होईपर्यंत त्या थांबल्या. आधीच कळलेलं सगळं पुन्हा ऐकलं आणि शेवटचा शब्द आल्यावर मान हलवली. अगदी बरोबर वेळेला हलवली. दवाखान्यातून बाहेर पडताना मावशी म्हणाली, "इतकी वर्षं तुमचं तिकडे अन् त्यांचं इकडे केलं. आजच्याएवढं जड कधी लागलं नाही. मी कुठे बोलणार नाही, बाई. पण असलं परत माझ्या तोंडून वदवू नका."

घरी आल्यावर बाईंनी आईला सगळं सांगितलं. घरच्या भाषेत, रडत रडत. आई भाजी निवडत होती. कशावरूनही टोमणा मारायला टपलेली ती म्हातारी, पण त्या दिवशी तिनं एकही मारला नाही. शेवटी एवढंच विचारलं, "पोरीला वाटतंय काय?"

"काय म्हणजे?"

"म्हणजे, तू का नाही बघितलंस, असं त्या पोरीला वाटतंय?"

बाईंनी त्याचा विचारच केला नव्हता.

शाळेत चौकशी झाली, म्हणजे मोठ्या बाईंनी एक कागद लिहिला. 'भाषेच्या अडचणीमुळे मुलीचे म्हणणे वेळेत समजू शकले नाही.' वाघ अडगळीत गेला. बाईंनी कागदावर सही केली. "तुमची माझी दोघींची नोकरी आहे," मोठ्या बाई खाली बघत म्हणाल्या. आठवड्यानं कॉलेजाचं पत्र आलं. त्यात बाईंच्या रीतीचं कौतुक होतं, आणि उदाहरण म्हणून एका मुलीचं वाक्य दिलं होतं: इथे वाघ. बाईंनी ते पत्र खणात सर्वांत खाली घातलं, आणि नंतर खण उघडायचंच टाळायला लागल्या. खडूही त्या मावशीकडून मागवून घ्यायच्या.

त्यांनी स्वतःची समजूत घालून बघितली. रीत काही त्यांची एकटीची नव्हती. शेकडो पोरं तिच्यामुळे बोलती झाली, दवाखान्यात जाऊन आपलं दुखणं आपण सांगण्याएवढी मोठी झाली. हे सगळं खरं होतं. पण ती सारी समजूत येऊन येऊन एका जागी अडायची. रीतीनं फक्त तळवे उघडले होते. चहाला बाई गेल्या होत्या. आणि दुपारी आठवल्यावर खुर्चीत जाऊन बसल्या होत्या, त्याही बाईच.

तीन आठवड्यांनी भिंगरी परत आली. कानात कापूस. कोणी उजवीकडून हळू हाक मारली तर तिला कळायचं नाही, मोठ्यानं मारली की आवाज कुठून आला ते सगळं अंग वळवून बघायची. पण खरा फरक निराळाच होता. ती बाईंपाशी येऊन ताठ उभी राहिली, आणि शाळेच्या भाषेत पाठ म्हटल्यासारखी बोलायला लागली. "कान. डोळा. नाक. पोट. दात. दुखते. कान दुखते." मग ती मावशीकडे वळली आणि घरच्या भाषेत म्हणाली, "मावशी, बाईंना सांग ना, मला तेव्हा कान येत नव्हता. आता येतो. आईनं तक्ता आणला, रोज म्हणून घेतलं. आता बाई बघतील ना माझ्याकडे?"

मावशी फडकं घेऊन टेबल पुसायला लागली.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी खिडकीतून बघितलं. भिंगरीनं सात-आठ पोरं ओळीनं बसवली होती आणि त्यांच्याकडून कान, डोळा, पोट घोकून घेत होती. एक पोरगं कंटाळून उठायला लागलं, तर तिनं त्याचा हात धरला. "शिक रे," ती कळवळून म्हणाली. "नाहीतर तुला काही झालं तर? बाईंना आपलं कळत नाही." ते पोरगं घाबरून परत खाली बसलं.

सुट्टीच्या दिवशी बाई भिंगरीच्या घरी गेल्या. मावशीला बरोबर घेतलं नाही. दुसऱ्या मजल्यावर ओळीनं खोल्या, प्रत्येकीच्या दाराबाहेर चपला आणि पाण्याचा पिंप. भिंगरीच्या आईनं दार उघडलं आणि बाईंना एकटं बघून ती गोंधळली. मागे कोणी आहे का, म्हणून तिनं जिन्याकडे डोकावलं. मग हसून हातानंच आत या, बसा असं केलं. भिंतीवर पलंगाच्या वर अवयवांचा तक्ता लावलेला होता. छापील मुलाच्या कानावर बोट लावून लावून कागद मळला होता.

"ये गं इकडे," आईनं पोरीला हाक मारली. "तुझ्या बाई आल्यात. त्यांना म्हण, चहा टाकते."

भिंगरीचा चेहरा फुलला. आज मावशीचं काम तिच्याकडे आलं होतं. "बाई, चहा," ती शाळेच्या भाषेत म्हणाली. "आई चहा."

बाई घरून निघताना मनाशी सगळं जुळवून आल्या होत्या. कुठून सुरुवात करायची, रीत कशी समजावून सांगायची, कॉलेजात काय शिकवलं होतं, सगळं. त्यातलं एकही वाक्य जागेवर सापडेना. स्टोव्हकडे वळलेल्या भिंगरीच्या आईकडे बघत त्या घरच्या भाषेत म्हणाल्या, "चहा नको, ताई. मला तुमच्याशी बोलायचंय."

भिंगरीच्या आईचा हात काडेपेटीवर थांबला. ती वळली. आधी तिला वाटलं, चार वाक्यं शिकून आल्या असतील. पण त्या चार शब्दांत तिला जे ऐकू आलं ते शिकून येत नाही.

"मी इथलीच आहे," बाई म्हणाल्या. "पलीकडच्या तिसऱ्या गल्लीतली. माझी आई इस्त्री खात्यात होती. मला सगळं कळतं. त्या दिवशी हिनं सव्वादहाला येऊन मला सांगितलं, की कानात वाघाची चकती गेली, भाजतंय. मला कळलं होतं. मी कळलं नाही असं दाखवलं. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं, आणि तुम्हालाही."

भिंगरीच्या आईनं काडेपेटी ओट्यावर ठेवली. ती बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"कारखान्यात सगळ्याजणी म्हणत होत्या, शाळेवर तक्रार कर. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, बाई परक्या आहेत, त्यांना आपलं कळत नाही, त्यांच्यावर कसला राग? परक्या माणसाला सोडून देता येतं हो. तुम्हाला कशी सोडू? तुम्ही तर आमच्यातल्या." तिनं भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. "आणि रोज संध्याकाळी कामावरून येऊन मी पोरीला मारून मुटकून कान शिकवत होते. तुला शब्द आला असता तर असं झालं नसतं, असं मी तिला सांगत होते. मी!"

बाईंनी मान खाली घातली. माफ करा म्हणायला त्या आल्या होत्या, पण तो शब्द आता त्यांनाच हलका वाटायला लागला. त्यांनी तो तोंडातच ठेवला.

इतका वेळ भिंगरी एकदा आईकडे आणि एकदा बाईंकडे, सगळं अंग वळवून बघत होती. मोठ्यांचं बोलणं तिला किती समजलं कोण जाणे. पण एक गोष्ट समजली होती आणि तिला तिचा आनंद मावत नव्हता.

"आई, बाईंना आपलं येतं!" ती ओरडली. धावत येऊन तिनं बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवले. "बाई, तुम्ही पण शिकलात? मी कान शिकले तसं? तुम्हाला कोणी शिकवलं?"

सुटका हवी असती तर ती इथे होती, आणि बाईंना ती क्षणभर दिसलीही. त्या सतरंजीवर खाली बसल्या, पोरीच्या डाव्या बाजूला.

"नाही गं. मला पहिल्यापासून येतं."

"मांजराची गोष्ट सांगितली तेव्हा पण?"

"हो."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी पण येत होतं. तू सांगितलंस ते मला सगळं कळलं होतं. तुझं काही चुकलं नव्हतं."

भिंगरी विचारात पडली. "टाळ्या वाजल्या ना," ती हळूच म्हणाली, "तेव्हा मला वाटलंच होतं, की तुम्हाला कळलं. म्हणून मी जाऊन बसले. म्हटलं, आता बाई येऊन काढतील." तिनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं. "मग का नाही आलात?"

ओट्यापाशी तिची आईही उत्तरासाठी थांबली होती. बाईंनी रीत आठवून बघितली, कॉलेज आठवून बघितलं. चार वर्षांच्या पोरीसमोर ठेवता येईल असं त्यात काहीच नव्हतं. जे होतं तेवढंच त्यांनी सांगितलं.

"पाहुणे आले होते, बाळा."

"हो," भिंगरी म्हणाली. "तीन होते."

तिनं बाईंच्या गुडघ्यावरचे हात काढून घेतले आणि ती जाऊन आईच्या पायाशी बसली.